कडू घासाचा फोन

प्रिय मनकर्णा,

आणि वरून तुही पिंकी फोनवर मले म्हणते, आई झोपली आहे. सकाळच्या अकरा वाजता? तू जन्मात कधी अकरा वाजता झोपली नाईस, बाळंतीण असतानाही नाई. आंगात ताप असताना जिनं सांभार-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून सिंदीच्या बाजारात नेऊन विकल्या, ती बाई लेकीच्या घरी वर्ध्याले जाऊन दिवसा झोपायले लागली, हे मी मानायचं? त्याच्या आधी म्हणे आई देवळात गेली. त्याच्या आधी म्हणे आईले आजकाल कमी ऐकू येते. पोरगी तुह्यापायी खोटं बोलायले शिकली, न् तेही तिले धड जमत नाई. ती बोलते तवा तिच्या मागं तुहा खोकला मले ऐकू येते. तुहा खोकला मी ओळखत नाई का वो? तुह्या न् माह्या घराच्या मध्ये एक बोळ, त्यातून दोन माणसं सोबत जात नाईत. सारा जन्म त्या बोळाच्या दोन बाजूनं आपण एकमेकीले हाका मारल्या, न् आता तू लेकीच्या पाठीमागं लपून बसते.

न् ती पिशवी. आमचे हे मागच्या महिन्यात वर्ध्याले आलते तवा तुह्या वावरातले वांगे दिलते मी त्यायच्या हाती. त्यायच्याशी तू बोलली, चहा केला, तब्येत इचारली, तुह्या मालकाच्या, दौलतराव भाऊजीच्या आठवणी काढल्या. मले मात्र पिशवी परत पाठवली, धुऊन, घडी करून, आत काईच नाई. शिव्या घालायच्या होत्या तर घालायच्या. पिशवी धुवायले येळ होता तुह्यापाशी, शिवीले नव्हता.

म्हणून लिवायले बसली. चौथीपर्यंत शिकली, त्याचा कधी उपयोग नाई झाला, आता होऊन राह्यला. अक्षर वाकडं आहे, समजून घेजो. काजल म्हणे, आई, तुमी सांगा, मी लिहून देते. म्हटलं नाई. सुनेच्या हातानं लिवून घ्यावं असं हे नाई.

गावची खबर म्हणशीन तर तुहं घर ठीक आहे. कुलूप गंजलं म्हणून त्याले तेल लावलं. तुह्या वावरात उन्हाळाभर यांनी पाणी ओललं, आता यांच्यानं होत नाई, ते मी मागाहून सांगते. समाजमंदिराच्या भिंतीवर मंडळाचा नवा बोर्ड लागला. निळ्या रंगात मोठं लिवलं आहे, सांत्वन महिला सेवा मंडळ. मले अजूनही ते नाव एका दमात म्हणता येत नाई. खाली लिवलं, संस्थापक अध्यक्षा शालूबाई, म्हणजे मी. तुहं नाव नाई. रंगवणारा शिडीवर होता, मी खाली उभी होती, वाचून पाह्यलं, न् तुहं नाव टाक असं नाई म्हटलं. मंग शहरातली एक पोरगी आली, मोबाईल माह्या तोंडासमोर धरला न् म्हणे, काकू, हे मंडळ कसं सुरू झालं ते सांगा. मी सांगतलं. आमच्या मनात आलं न् आम्ही केलं, असं सांगतलं. ते आता लोकं पाहून राह्यले. त्यात खरं अर्धंही नाई. तुले सारं माहीत आहे, तरी मले एकदा जसं झालं तसं लिवून काढू दे, नाईतर ते मोबाईलमधलंच खरं होऊन बसन.

विमला तवा नवी आलती. जिनिंगवर कामाले आलेलं ते बालाघाटकडचं जोडपं, नाल्याजवळच्या खोलीत राहात होतं, ना सोयरा ना धायरा. तिचा नवरा कावीळनं गेला. गावातले चार माणसं जाऊन त्याले जाळून आले, तेवढं गावानं केलं. पण घरात मैत झाली की त्या घरची चूल पेटत नाई, दुसऱ्या घरून चून-भाकर, बेसनाचं पिठलं न् भाकर, येते, कडूलिंबाचा पाला तोंडाले लावून तो कडू घास खायचा असते. तो आणतात सोयरे, भाऊबंद. तिले कोण होतं? साऱ्यायले वाटलं कोणीतरी नेलं असन. मलेही वाटलं. मी माह्या भाकरी थापत होती. न् तू बाहेरून आली, टोपली टेकवली, न् म्हणे त्या खोलीतून धूर निघून राह्यला. मी म्हटलं निघू दे. मले समजलंच नाई. तू पुन्हा म्हटलं, शालू, मैतीच्या घरातून धूर निघून राह्यला.

तू गेली तवा ती बाई लेकराले भूक लागली म्हणून चूल फुंकत होती. त्याच दिवशी, नवऱ्याले जाळून आल्यावर. तू चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, तिचा हात धरून तिले भिंतीजवळ बसवलं, न् पळत येऊन माह्या टोपल्यातल्या भाकरी उचलल्या. इचारलं नाई. मी ओरडली तुह्यावर, म्हटलं आमचे माणसं काय खातीन? तू म्हटलं, पुन्हा थाप. त्या मोबाईलवाल्या पोरीले मी हे नाई सांगतलं की मंडळाची पहिली भाकर माह्या घरून गेली ती माह्या मनाविरुद्ध गेली.

मंग ते सुरूच झालं. कोणी ठरवलं नाई, बैठक नाई, नाव नाई. कोणाच्या घरून रडणं ऐकू आलं की ज्या घरी ऐकू आलं तिथं तव्यावर दोन भाकरी जास्त पडायच्या. ज्या घरचं चून आधी शिजलं ती बाई चुनानं भरलेला गंज, मोठं पातेलं, घेऊन निघायची, बाकीच्या मागून भाकरी आणायच्या. रस्त्यानं बोलायचं नाई. कसं झालं, काय झालं, इचारायचं नाई. आधी लेकरायले वाढायचं, मंग म्हाताऱ्यायले, घरच्या बाईले शेवटी न् जबरदस्तीनं. भांडे तिथंच घासून आणायचे, त्या घरच्या बाईच्या हाताले राख लागू द्यायची नाई. हे सारं तुह्यापासून आलं. तू कधी शिकवलं नाई, तू करायची न् आमी पाहायचो. खालच्या वस्तीत म्हातारी गेली तवा चार जणी मागं सरल्या, म्हणे तिथं आपल्या घरचं कोणी खाईन का, न् आपण तिथं कसं बसायचं. तू टोपली उचलली न् चालायले लागली, वळूनही नाई पाह्यलं. मी मागून आली. हिम्मत होती म्हणून नाई, तू एकटी गेली असती तर गावानं माहंच तोंड पाह्यलं असतं म्हणून आली. तिथं त्यायनं बसायले चटई टाकली, आपल्या हातचं खाल्लं, न् तेव्हापासून त्या वस्तीतल्या बायाही आपल्यात आल्या. आज मंडळात अर्ध्या त्याच आहेत.

बाजूच्या गावायनं पाह्यलं, त्यायनंही सुरू केलं. मंग सेवाग्रामच्या दवाखान्यात. तुही नणंद तिथं होती तवा तू पाह्यलं की गडचिरोली, यवतमाळचे लोकं बाहेर झाडाखाली आपल्या माणसाची मैत मिळायची वाट पाहत बसतात, पोटात अन्नाचा कण नाई. घरी येऊन म्हणे, शालू, तिथं तर रोजच. दर सोमवारी आपण बसनं डबे घेऊन जायले लागलो. कंडक्टर आपल्याले तिकीट मागायले लाजायचा. करोनाच्या साली माणसं घरी आलीच नाईत, परस्पर जाळली. तवा आपण दारात डबा ठेवून रस्त्यावर उभ्या राहायचो, घरातल्यायनं दार उघडून डबा उचलला की परत. तोंडाले फडकं बांधून तू दुरून ओरडायची, पोराले आधी द्या वो. त्या साली सारं गाव आपल्या मागं उभं झालं. ज्यायनं आपल्याले कडू घासवाल्या म्हणून नाव ठेवलं होतं, त्यायनंच तांदूळ न् बेसन घरी आणून दिलं.

नाव, शिक्का, एका रंगाचे लुगडे हे शोभाबाईनं आणलं. ग्रामसेवकाची बायको, तिले कागदातलं समजते. तिनं वाईट काई केलं नाई, मी माहं तिच्यावर ढकलत नाई. मंडळाची नोंदणी झाली तवा अध्यक्ष कोण, तर साऱ्या तुह्याकडं पाहायले लागल्या. तू म्हटलं मले बोलता येत नाई, शालूले करा, तिचा आवाज मोठा आहे. साऱ्या हसल्या. मी पण हसली. पण मनातून मले बरं वाटलं, मनकर्णा. लय बरं वाटलं. तोपर्यंत मी तुह्या मागून चालणारी होती.

मंग तो म्हातारा. केळझरच्या पलीकडचा. ते आठवलं की आजही माहे कान गरम होतात. त्याचा जीव जाते असं वाटून घरच्यायनं त्याले खाटेवरून खाली घेतलं होतं, तोंडात पाणी टाकलं, बायायनं रडणं सुरू केलं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं पाह्यलं न् सिंदीच्या बाजारात येऊन मले सांगतलं. मी म्हटलं चला. दुसऱ्या गावची मैत, मंडळाचं नाव होईन. साऱ्या जणी मोरपंखी लुगडे नेसून, एका ओळीत, चुनाचे गंज, भाकरीचे टोपले, कडूलिंबाच्या डहाळ्या घेऊन त्या आंगणात शिरलो. सगळ्यात पुढं मी. म्हातारा भिंतीले टेकून चहा पीत बसला होता. त्यानं आमच्याकडं पाह्यलं, माह्या हातातल्या डहाळीकडं पाह्यलं, न् इचारलं, "कोण मेलं?"

त्याच्या मोठ्या पोरानं टोपली लाथाडली, भाकरी आंगणभर झाल्या. म्हणे माह्या बापाचं मरण घेऊन आल्या, निघा. न् तू काय केलं? तू हसली. तोंडाले पदर लावून हसली, मंग म्हाताऱ्याजवळ जाऊन बसली, पडलेल्या भाकरी झटकून त्याले वाढली, न् तो खाऊन म्हणे चून चांगलं झालं. त्याचा पोरगा शेवटी तुह्या पाया पडला. पण ते तुहं झालं. माहं काय झालं? बाजारात वांगे घ्यायले येणारा माणूस मले इचारायचा, बाई, आज कोणाच्या घरी निघाल्या, आधी नाडी पाहून घेजा. पोळ्यापासून होळीपर्यंत हेच ऐकलं मी. त्यावर तूही घरी बसून हसली असशीन, असं मले वाटत होतं. आता वाटते, नसशीन.

म्हणून त्या बैठकीत शोभाबाई म्हणे की घरच्या माणसाचा फोन आल्याशिवाय डबा न्यायचा नाई, तवा सगळ्यात मोठ्यानं हो मीच म्हटलं. मंडळाचा मोबाईल घेतला, नंबर साऱ्या गावात वाटला, काजलच्या हाती दिला. तू उठून म्हटलं, "ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याच्या हाताले नंबर सापडते का, शालू?" बरोबर होतं. मले तवाच समजलं होतं की बरोबर आहे. न् मी म्हटलं, तुह्या मनावर मंडळ चालत नाई आता. ते 'आता' मी मुद्दाम घातलं होतं. तू भांडली नाई. चपला घातल्या न् गेली. त्यानंतर बैठकीले आली नाई, पण कोणाच्या घरून रडणं आलं की तू एकटी आपली टोपली घेऊन जायची, न् मंडळ फोन आल्यावर मागून जायचं. लोकायले दोन वेळा जेवण व्हायले लागलं. शोभाबाई म्हणे हे बरं दिसत नाई. मी म्हटलं, थकन ती, एक दिवस आपणहून येईन.

आता पुढचं लिवायचं आहे. चहा पिऊन आली.

थंडीचे दिवस होते. भाऊजीनं मेथीले पाणी लावलं न् वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसले, ते उठलेच नाईत. यांनी न् आणखी चौघांनी त्यायले बाजीवर घालून आणलं. तू एकदाच ओरडली. बोळ ओलांडून तो आवाज माह्या घरात आला. मी धावत आली, ते खोटं नाई, तुह्याजवळ बसली, तुहं डोकं मांडीवर घेतलं. तू माह्याकडं पाह्यलं नाई, पण डोकं काढूनही घेतलं नाई. दुपारी पिंकी आली, मैत निघाली, माणसं घाटावर गेले. मी घरी आली तवा माह्या आंगणात साऱ्या जणी जमल्या होत्या. पीठ मळून झालं होतं, चून शिजलं होतं. कोणी म्हटलं, अध्यक्षीण बाई, निघायचं ना?

मी काजलले इचारलं, फोन आला का?

तुहं घर समोर दिसत होतं. पिंकीचं रडणं ऐकू येत होतं. न् मी फोन आला का इचारत होती. काजल म्हणे नाई. मी म्हटलं मंग थांबा. विमला उठली, तिनं टोपली डोक्यावर घेतली न् म्हणे, बाई, मी जाते. ती विमला, जिच्या चुलीत तू पाणी ओतलं होतं. मी तिले म्हटलं, बस खाली. ती बसली. तिले वाटलं असन बाई म्हणते तर काई कारण असन.

लोकायले मी नंतर सांगतलं की नियम साऱ्यायले सारखा. ते खोटं आहे. मले वाटत होतं की तू पिंकीले सांगून एक फोन लावशीन. एकदा तरी तुले आमची गरज पडन, एकदा तरी तू मानशीन की शालूचं बरोबर होतं. बस, एवढंच पाह्यजे होतं मले. तुह्या घरातून माणूस गेला होता न् मी बोळाच्या या बाजूले जिंकायची वाट पाहत बसली होती.

दिवस मावळायले तुह्या छपरावरून धूर निघाला. तुह्या घरी गॅस आहे. तो संपला होता का तू मुद्दाम चूल पेटवली, हे मले माहीत नाई, न् मी इचारणारही नाई. आंगणातल्या साऱ्या बायायनं तो धूर पाह्यला. मी चुनाचा गंज उचलला न् धावली. तू चुलीपाशी बसली होती, ओल्या केसायनं, पिंकीच्या लेकरायसाठी भाकर थापत होती. मले वाटलं हा गंज तू माह्या तोंडावर फेकशीन. फेकला असता तर मी आज हे पत्र लिवलं नसतं. तू पाट सरकवला न् म्हणे, "बस, शालू. जेवून जा."

न् मी जेवली. मनकर्णा, मी बसली न् जेवली. नाई म्हणायची हिम्मत नाई झाली. ज्या घरचा धनी त्या दिवशी गेला, त्या घरच्या बाईनं तव्यावरची भाकर मले वाढली, न् मी ती खाल्ली, माहा भरला गंज बाजूले ठेवून. परत येताना तो तसाच आणला. ते चून गायीले घातलं. हे घाटावरून आले, न्हाले, न् इचारलं दौलतरावच्या घरी जेवण गेलं ना? मी म्हटलं, मी तिथंच जेवून आली. ते माह्याकडं पाहत राह्यले. न जेवता झोपले. त्यानंतर या घरात भाऊजीचं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात.

तेरवी झाल्यावर तू पिंकीसंगं गेली. जातानाही तू दारात येऊन सांगतलं की येते म्हणून. त्यात राग नव्हता. राग असता तर मले सोपं गेलं असतं.

तुले वाटत असन मी हे सारं आता काऊन उकरून काढून राह्यली. ऐक. दिवाळीनंतरच्या सुना ज्या मंडळात आल्या, त्यायले फोनच माहीत आहे. गेल्या महिन्यात खालच्या वस्तीत एका पोरीचं तान्हं लेकरू गेलं. नवरा परगावी, घरात ती न् आंधळी सासू. कोण फोन लावन? कोणीच गेलं नाई. विमलाले तिसऱ्या दिवशी समजलं. तोपर्यंत त्या दोघी मुरमुऱ्यावर होत्या. मी त्याच दिवशी बैठक बोलावली, म्हटलं हा नियम काढा, रडणं ऐकू आलं की उठा, पहिल्यासारखं. शोभाबाई म्हणे असं मनात आलं म्हणून बदलता येत नाई, पुन्हा म्हाताऱ्यासारखं झालं तर? बाकीच्या खाली पाहत बसल्या. न् काजल, माही सून, साऱ्यायसमोर म्हणे, "आई, मनकर्णाकाकूच्या वेळी तुमीच तर आम्हाले बसवलं."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं ते चांगलं म्हणून शिकलं होतं. तिले वाटत होतं की आपली सासू इतकी कडक की मैत्रिणीसाठीही नियम मोडला नाई. माह्या तोंडून आवाज नाई निघाला. मोठा आवाज म्हणून मले अध्यक्ष केलं होतं.

हे पत्र मी घरून लिवत नाई. सेवाग्रामच्या दवाखान्यात, वार्डाबाहेरच्या बाकावर बसून लिवते. पिंकीच्या घरापासून ऑटोनं कितीसं दूर आहे हे, पण दार पिंकीनं उघडलं न् तू पुन्हा झोपली असशीन तर मी काय करू? यांच्या पोटात गाठ आहे. वर्ध्याले तुह्या हातचा चहा प्यायले तवाच ती होती, तुले त्यायनं सांगतलं नाई, मी सांगू नका म्हटलं नव्हतं, तेच म्हणे कायले तिले तकलीफ. डॉक्टरनं सांगतलं की आता इथं करण्यासारखं काई राह्यलं नाई, शनिवारी घरी न्या. यांले सारं समजते. काल काजल खाली गेलती, हे मले जवळ बसायले सांगून म्हणाले, "माह्या वेळी त्या मंडळाले फोन लावू नको." बस, एवढंच. तुमी काऊन असं म्हणता, हे मी इचारलं नाई. भाऊजीच्या घरी जेवण गेलं नाई, ते यांच्या घशातून अजून उतरलं नाई. मी हो म्हटलं. आता मंडळाले फोन जाणार नाई, न् फोन गेला नाई तर आमच्या गावातून एक बाई उठणार नाई, हे मीच करून ठेवलं. न सांगता धावून येणारी मले एकच माहीत आहे, न् तिलेच मी सांगून राह्यली. पत्र पाठवलं काय न् फोन लावला काय, एकच झालं, ते मले समजते. जी गोष्ट तुह्याकडून मागून घ्यायले मी त्या दिवशी बसली होती, ती आज मीच मागते. माफी दे असं म्हणत नाई, ते तुह्या मनाचं. आपल्या घराचं कुलूप उघड, बोळाच्या त्या बाजूले राह्य, न् आवाज आला की ये. येणार नसशीन तर तसं सांग, मी माही चूल माह्या हातानं पेटवीन, तुह्यावर बोल नाई लावणार. पण मधातलं नको. यांले शनिवारी नेतात, मले शुक्रवारच्या दिवे लागण्याच्या आत सांग, हो का नाई. काजल हे पत्र तुह्याच हाती देईन, पिंकीच्या नाई. न् पिंकीले बोलायले लावू नको, तू बोल.

तुहीच,
शालू